न उठवलेली राई

२६ मार्च ९७, बुधवार

काल गावची पारध झाली. आज गुडघा उचलत नाही. हिनं एरंडाचं पान गरम करून बांधलंय आणि वर ऐकवलंय, "पन्नाशी उलटली की बंदूक खुंटीला लावायची असती. मान काय पळून जातोय व्हय?"

मान पळून जात नाही, पण मानकऱ्याला पळावं लागतं. होळी झाली की तिसऱ्या दिवशी पारध, पहिला बार आमच्या घराचा, आणि शिकार देवळापुढं आल्याशिवाय पालखी उठायची नाही. आजोबांच्या आधीपासून असंच आहे.

हाकेकऱ्यांनी हाका देत तीन रानं उठवली. जांभळीचा नाळ रिकामा. आंबेकडा रिकामा. दुपार कलल्यावर बांबरच्या पाण्यावर एक भेकर निघालं. नर होता, शिंगं नीट दिसली. बार लागला. पालखी वेळेत उठली. पण एवढ्या माणसांनी घसा फोडायचा आणि हाती एक भेकर यायचं, वडील असते तर हसले असते. त्यांच्या वेळी सांबर नाही मिळालं तर पारध फसली म्हणायचे.

यशवंताला विचारलं. हिचा धाकटा भाऊ, कुत्री त्याची आणि मागही तोच काढतो. म्हणाला, "दाजी, सांबराचा एक खूर दिसला न्हाय."

"गेली कुठं मग?"

"कोकणात उतरल्यात की. खाली बागा झाल्यात, गार हाय, खायला हाय. येतील वर पाऊस लागला की."

बरोबर असावं. उन्हाळ्यात आमच्या माथ्यावर पाणी तरी कुठं राहतं.

फॉरेस्टचा गार्ड नेहमीप्रमाणं पारधीच्या दिवशी तालुक्याला मीटिंगला गेला. संध्याकाळी आला तेव्हा कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते त्यानं विचारलं नाही. कायदा काय आहे ते त्यालाही माहीत आणि आम्हालाही.

२७ मार्च ९७

शंकराण्णा सकाळी जीप घेऊन गडहिंग्लजला परत गेले. गुळाचे व्यापारी, लिंगायत माणूस, मांसाला शिवत नाहीत, पण गेली कित्येक वर्षं एक पारध चुकवली नाही. बायको बंदूक उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही म्हणून ती वखारीत ठेवतात. त्यांचा वाटा यशवंताच्या कुत्र्यांना जातो. कुत्री अण्णांची जीप ओळखतात.

जाताना त्यांच्या कानडी हेलात म्हणाले, "एन बापूराव, यंदा रान लई गप्प हुतं."

मी म्हटलं, उन्हामुळं.

१७ ऑगस्ट ९७

चार दिवस झड. दूध संस्थेत गर्दी नाही, दूध आणणारे भिजून येतात आणि फॅटवरून भांडायचंही त्यांना त्राण नाही. सेक्रेटरीला, म्हणजे मला, बरं.

संध्याकाळी गोठ्यात बसलो होतो. या दिवसांत अंधार पडता पडता भेकर भुंकायचं. कुत्र्यासारखंच, पण एकेक आवाज सुटा. लहानपणी मी आईच्या पदराआड जायचो. यंदा एकदाही ऐकलं नाही. हिला विचारलं. म्हणाली, "पत्र्यावर पाऊस वाजतोय, त्यात माझं मलाच ऐकू येत न्हाय."

पत्रा नवीन घातलाय हे खरं आहे. कौलं होती तेव्हा ऐकू यायचं.

१२ फेब्रु. ९८

निवडणूक. बंदूक ठाण्यात जमा करून आलो. परवाना पीक राखायचा, म्हणून हवालदारानं विचारलं, "काका, पिकात शेवटचं जनावर कवा आलतं?" डुकरं येतात म्हटलं. ते खरंच आहे. डुकरं वाढलीत, पण देवाला डुक्कर चालत नाही. भाताच्या खाचरात रात्रभर नांगरल्यासारखं करून ठेवतात.

सगळ्या तालुक्याच्या बंदुका तिथं भिंतीला टेकून उभ्या होत्या, एसटीची वाट बघत असल्यासारख्या. माझी सगळ्यात जुनी. लाज वाटली नाही, पण जरा तिच्याकडं बघत राहिलो.

११ मार्च ९८

बंदूक मिळाली एकदाची. उद्या होळी. नळीत कोळ्यानं घर केलं होतं.

१५ मार्च ९८, रविवार

काल पारध. भांडण झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवसभर काही नाही. सूर्य कड्यावर टेकल्यावर माझ्या नाक्यावर, मी दबा धरून बसलो होतो तिथं, एक भेकर आलं. शिंगं नव्हती. मादीवर बार टाकायचा नाही हा आपला जुना नेम, म्हणून जाऊ दिलं. खालच्या अंगाला संभा बसला होता, माझ्या चुलतभावाचा मुलगा. त्यानं टाकलं.

मी ओरडलो त्याच्यावर. पहिला बार माझा, आणि मादीवर कुणाचाच नाही.

"बापूकाका, दिस बुडाय आला हुता. पालखी थांबलीती. शिंगं बघत बसायचं दिस गेलं आता."

गाव त्याच्या बाजूनं. पोरगं वाईट नाही. कष्टाचं आहे, मोटरसायकलवरून सगळ्यांची कामं करतं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेतं. त्यामुळं त्याला बोलताही येत नाही. आणि पालखी उठली तेव्हा मलाही सुटल्यासारखं वाटलं, ते का लपवू.

यशवंता अजून म्हणतोय कोकणात उतरलीत.

४ मार्च ९९, गुरुवार

ससा.

यंदाच्या पारधीत गावाला एक ससा मिळाला. माझ्या बारानं मिळाला म्हणून मान राहिला म्हणे! एवढा मोठा ढोल, हलगी, गुलाल, आणि पालखीपुढं ससा. पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसत होत्या. प्रत्येक घराला वाटा गेला पाहिजे, तर वाटे कसे करणार? शेवटी देवळामागं मोठ्या हंड्यात रस्सा केला आणि घरटी एकेक वाटी दिली. शंकराण्णा ते बघून म्हणाले, "हे तर मीबी खाल्लं तरी चालंल. मांस कुठाय ह्याच्यात?" सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येऊन आडवा झालो तो आज सकाळीच उठलो.

देवळाच्या कट्ट्यावर चर्चा. कोळसुंद्यांनी, रानकुत्र्यांनी खाल्ली. कोल्हापूरकडून झोताचे दिवे लावून जीपवाले येतात त्यांनी मारली. वणव्यानं पळवली. कोकणात उतरली. सगळ्यांची नावं घेऊन झाली.

मग संभा म्हणाला, "राईत असतील की."

सगळ्यांच्या माना डोंगराकडं वळल्या. राई देवाची. तिथं कुऱ्हाड नाही, बंदूक नाही, चप्पल नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, श्रीपती गुरव एकटा आत दिवा लावायला जातो, तोही मान खाली घालून. आत काय आहे ते जिवंत माणसांपैकी कुणी पाहिलेलं नाही. वडील म्हणायचे, सगळी रानं आपली, राई तेवढी त्यांची, तिथून पुन्हा भरतं.

संभानं विषय तिथंच सोडला. पण बोललेला शब्द परत जात नाही.

२३ मे ९९, रविवार, साखरपा

आतेभावाच्या मुलीच्या लग्नाला घाट उतरून आलो, यशवंताही आहे. उकाडा म्हणजे काय ते इथं कळतं.

पंगतीत शेजारी एक म्हातारा बसला. काळी टोपी, कानात अत्तराचा बोळा. बोलता बोलता कळलं की तोही पारधीचा, त्यांच्या गावात त्याच्याच घरचा मान. मग काय, जेवण राहिलं बाजूला. बंदुका, कुत्री, वारा कुठून घ्यायचा, सगळं निघालं.

मी म्हटलं, "तुमची मजा आहे. आमची सगळी तुमच्याकडं उतरलीत."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "काय चेष्टा करता पाव्हणे? आमची तर वर चढली तुमच्याकडे. वर ऊस झालाय, पाण्याची सोय झालीय, गेली सगळी घाट चढून. आम्ही किती वर्षं हेच म्हणतोय."

"आमच्याकडं नाहीत."

"मग आमच्याकडे कुठली?"

आम्ही दोघंही हसलो. मग वाढपी बुंदी घेऊन आला. म्हातारा नको म्हणाला, मीही नको म्हणालो.

ती वर सुखरूप आहेत म्हणून ते मारत राहिले, आणि खाली सुखरूप आहेत म्हणून आम्ही. त्यांच्या भरवशावर आम्ही आणि आमच्या भरवशावर ते. उठताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. नाव विचारायचं राहिलं.

२४ मे ९९

परतीच्या एसटीत यशवंताला सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"कोकण्याचं काय ऐकताय दाजी? लपवून ठेवत्यात ती."

"जनावर लपवून ठेवतात?"

त्यानं घाटभर तोंड खिडकीकडंच ठेवलं. वर आल्यावर म्हणाला, "भूक लागलीया." स्टँडवर दोघांनी भजी खाल्ली.

१४ नोव्हें. ९९

भाताच्या मळण्या उरकल्या. यशवंताला घेऊन तिन्ही रानं पायी फिरून आलो. बंदूक नेली नाही, नुसता माग बघायला. गुडघ्यानं चांगलाच सूड घेतला.

गुरांचे खूर, माणसांच्या चपला, जुन्या बॅटरीचे सेल, गुटख्याच्या पुड्या. डुकरांनी उकरलेलं हवं तेवढं. बांबरच्या पाण्यावर चिखलात यशवंता एका जागी बसला तो उठेना. बोटानं कडा चाचपत होता. मी जवळ गेलो.

"शेरडाचं हाय," म्हणाला.

"नक्की?"

"शेरडाचंच." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "भेकराचं म्हनू का, दाजी?"

त्याच्या बापानं त्याला माग शिकवला, त्यानं पोराला शिकवला नाही. पोरगं इचलकरंजीला मागावर आहे, तेही यंत्रमागावर. हे मी त्याला चिडवायला नेहमी म्हणतो. आज म्हटलं नाही.

परत येताना राईच्या बांधावरून आलो. बांधाच्या बाहेरून. आत इतकं गच्च आहे की ऊन दिसत नाही. दोघंही थांबलो, कान दिला. वटवाघळं, आणि कुठं तरी एक सुतारपक्षी. यशवंता म्हणाला, "हितं असतील." मी व्हय म्हटलं. दोघांनाही बरं वाटलं.

९ जाने. २०००

शंकराण्णांचा संस्थेत फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बंदूक विकून टाकली. म्हटलं, मग यंदा येणार नाही? "येतो की! मोकळ्या हातानं येतो. रान तर बघू दे."

२२ मार्च २०००, बुधवार

काल पारध. काही नाही. ससाही नाही.

तीन रानं झाली, मग गावानं ऐकेना म्हणून पलीकडच्या हद्दीतलं चौथंही उठवलं. हाकेकऱ्यांचे आवाज बसले. अंधारात परत आलो तर देवळापुढं बाया ताटं घेऊन उभ्या. कुणी काही विचारलं नाही, आमचे हात बघितले आणि ताटं घेऊन घरी गेल्या. पालखी जागेवरच. आमच्या माहितीत असं कधी झालेलं नाही.

आज सकाळी कौल लावला. श्रीपती गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. सगळं गाव मंडपात. राई उठवायची तर उजवी कळी दे, नाही तर डावी.

उजवी पडली.

एकच आरडाओरडा झाला. संभानं हलगी मागवली. मग हळूहळू सगळे माझ्याकडं बघायला लागले. राईत पहिलं पाऊल मानकऱ्याचं, पहिला बार मानकऱ्याचा. मी पुढं झाल्याशिवाय कुणाला जाता येत नाही.

उद्या सांगतो म्हटलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

हिला सांगितलं, मी जाणार नाही.

ती भाकरी थापत होती, थांबली. "देवानं उजवा दिलाय. माझ्या सासऱ्याच्याबी आधीपासनं चालत आलेला मान, तुमच्या हातनं जाणार?"

मी तिला जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतो. लोक म्हणतील बापूला दया आली, म्हातारा झाला. दयेचं काही नाही. आज समोर नर आला तर आजही बार टाकीन. मला भीती आहे ती राई रिकामी निघायची. आत्ता गावातला प्रत्येक जण म्हणतोय, राईत आहेत. मीही म्हणतो, यशवंताही म्हणतो. तेवढ्यावर आम्ही शिकारी आहोत. एकदा आत हाका गेला आणि काही उठलं नाही, तर मग कुठं आहेत म्हणायचं? कोकणात?

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हना की."

"तसंच."

"हे गावात न्हाई सांगता यायचं तुमास्नी."

भाकरी करपली होती. तीच वाढली तिनं मला.

२३ मार्च २०००

मंडपात बैठक. मी साखरप्याच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. लोक हसले. कुणी तरी मागून म्हणालं, "कोकणातबी न्हाईत, हितंबी न्हाईत, म्हंजे राईतच असणार की! मग चला की!" त्याचं गणित बरोबर होतं.

संभा शांतपणे बोलला. "काका, देवाचा कौल हाय. तुमी देवापरीस मोठं का?"

मी म्हटलं, "मी मोठा नाही. माझा पाय उचलत नाही, एवढंच."

"गुडघ्याचं निमित्त नगो."

"गुडघ्याचं म्हणत नाही मी."

शेवटी पाटलांनी निकाल दिला. गाव करी ते राव न करी. बापू नको म्हणतो तर मान दुसऱ्या घरी जाईल, पण मान फिरवायचा तो पाडव्याला फिरवायचा आणि पारध शिमग्यात, म्हणजे राई पुढच्या साली. यंदा कोहळा कापून पालखी उठवा.

कोहळा मीच कापला. तेवढा मान अजून माझा होता. यशवंता माझ्याशी न बोलता कुत्री घेऊन गेला.

५ एप्रिल २०००, पाडवा

गुढी उभारली आणि देवळात जाऊन मान दिला. नारळ, पानसुपारी, आणि आजोबांची बारूद ठेवायची शिंगाची दाणी. संभा माझ्या पाया पडला. मनापासून पडला, ते कळतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दाणी देताना हात सुटत नव्हता, त्यानं ओढून घेतली नाही, थांबला.

विलास, आमचा मुलगा, आला होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे. "बरं झालं बाबा, एखाद्या दिवशी केस झाली असती तर माझ्या नोकरीवर आलं असतं." त्याचं चूक नाही. पण आजच्या दिवशी बोलायचं नव्हतं. ही दिवसभर माजघरातून बाहेर आली नाही. केलेली पुरणपोळी कुणी नीट खाल्ली नाही.

१९ जुलै २०००

पाऊस लांबला, तो माझ्यामुळं. कुणाची म्हैस आटली, ती माझ्यामुळं. संस्थेत दूध घालताना बायका पुटपुटतात, बापूनं कोहळ्यावर पालखी उठवली. तोंडावर कुणी काही म्हणत नाही, फॅट कमी लागली की तेवढं म्हणतात, "ह्यांच्या हातालाच बरकत न्हाई."

यशवंता वाट बदलून जातो. बहिणीकडं येतो, मी नसताना.

खरं सांगायचं तर फार एकटं वाटतं. वडिलांची आठवण येते, आणि ते काय म्हणाले असते ते काही केल्या ठरत नाही. कधी वाटतं, पाठ थोपटली असती. कधी वाटतं, दोन कानफटात दिल्या असत्या.

८ ऑक्टो. २०००

श्रीपती गुरव राईतून परस्पर माझ्याकडं आला. पाय चिखलानं भरलेले, हातात विझलेला दिवा. ओट्यावर बसला. हिनं चहा दिला.

मी न राहवून विचारलं, "काही दिसलं?"

"मान खाली घालूनच गेलतो, बापू."

"ऐकू तरी आलं?"

तो चहा फुंकत बसला. "एकडाव वाटलं, वर बगावं. कोन बगतंय मला? देव बगतोय, पन देव काय बोलतोय थोडाच. न्हाई बघितलं. वर मान केली आन् कायच नसतं, तर फुडच्या साली दिवा घिऊन कसा गेलो असतो मी?"

गावात असं म्हणणारा मी एकटा नाही, एवढं कळलं. पण कौल त्यानंच लावला होता. तसं म्हटलं त्याला.

"कळी मी पाडत न्हाई, बापू," म्हणाला. रागावला बहुतेक. चहा संपवून गेला.

१६ जाने. २००१

यशवंता आला. मी घरात आहे हे बघून आला. तिळगूळ दोन दिवस उशिरा. म्हणाला, "संभानं कुत्री मागितल्यात, पारधीला. दिऊ का?"

"तुझी कुत्री आहेत."

"न्हाई दिली तर म्हनतील दाजीच्या नादानं न्हाई दिली."

"मग दे."

"मीबी जानार हाय. बघायचं हाय मला." जरा थांबला. "तुमास्नी न्हाई बघू वाटत?"

मी हिला ताट वाढायला सांगितलं. तो राहिला जेवायला. भाकरी, पिठलं, आणि हिनं लपवून ठेवलेलं दही.

२ मार्च २००१

संभा संध्याकाळी आला. मोटरसायकल लांब लावून चालत आला. पारधीला या म्हणाला, नाक्यावर नाही तर नुसते उभे राहा. गुडघा म्हटलं. त्यानं या वेळी वाद घातला नाही.

उंबऱ्यातच बसला. मग म्हणाला, "बापूकाका, असंल का वो आत काय?"

मान त्याचा, कौल त्याच्या बाजूनं, सगळं गाव त्याच्या मागं, आणि विचारायला माझ्याकडं आला. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर बरं वाटेल. वाटलं नाही.

"माहीत नाही," म्हटलं.

"मागं फिरावं तर गाव हसंल," म्हणाला, आणि गेला.

११ मार्च २००१, रविवार, सकाळ

ओट्यावर बसून लिहितोय. हात रिकामे ठेववत नाहीत.

उजाडताच सगळे गेले. यशवंता कुत्री घेऊन गेला, जाताना माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. गुरवानं राईच्या बांधावर नारळ फोडला, त्याचा ढोल इथं ऐकू आला. शंकराण्णा काल रात्रीच आले, पण राईत नाही गेले. जाड भिंगांचा चष्मा लावून माझ्याशेजारी बसलेत. म्हणाले, "ते रान बघायचं न्हाई मला."

हाका वरच्या अंगानं सुरू झाला. इथून राई दिसते, एका डोंगराच्या कुशीत काळा ठिपका. आवाज आत शिरला तसा दबला, रजईत तोंड घातल्यासारखा. मग पुन्हा यायला लागला, तुटक तुटक. पाखरं उठली सगळी, एवढी पाखरं असतील असं वाटलं नव्हतं.

बार वाजला तर आत एक होतं, आणि आता नाही. वाजला नाही तर... वाजला नाही तर काय ते मी वर्षभर जाणतो. तरी कान बाराकडंच लागलेत. वाजावा असं वाटतंय की वाजू नये असं, मला खरंच कळत नाही. दोन्ही वाटतंय. पहिल्या पारधीला वडिलांच्या मागं बसलो होतो, तसा बसलोय.

अण्णांनी विचारलं, "एन बापूराव, बार झाला का? माझं कानबी गेलंय की आता."

नाही म्हटलं.

हाका खालच्या बांधाजवळ आलाय. एकेकाचा आवाज ओळखू येतो. यशवंताचा येत नाही. एक कुत्रं भुंकलं, मग दोन. आता गप्प आहेत.

ही आतून विचारते आहे, मसाला वाटायला घेऊ का. म्हटलं, थांब जरा.